हात न लावलेला फोटो

भटवाडीच्या चढावर नंदूचा फोटो स्टुडिओ होता. आत एक आरसा, आरशाखाली फळी, फळीवर साखळीने बांधलेला कंगवा आणि पावडरचा डबा. डब्याला साखळी नव्हती. गिऱ्हाईक पावडर तोंडाला लावूनच बाहेर नेत असे, तिला साखळी बांधणार कुठे?

पण पावडर ही आपली मनाच्या समाधानासाठी. खरं काम आतल्या खोलीत व्हायचं, आधी ब्रशने आणि नंतर कॉम्प्युटरवर. अठ्ठावीस वर्षांत आजूबाजूच्या सहा-सात चाळींतला प्रत्येक माणूस नंदूने एकदा तरी गोरा करून दिला होता. पासपोर्टसाठी, लग्नाच्या बायोडेटासाठी, वाढदिवसाच्या बॅनरसाठी. कोणी गेलं तर हार घालायच्या फोटोतही तो माणसाला दोन शेड उजळ करूनच वर पाठवी. हे कोणी सांगत नसे आणि तोही विचारत नसे. न्हाव्यासमोर बसल्यावर ‘केस काप’ असं सांगावं लागतं का?

या धंद्यात त्याची फजिती एकदाच झाली, तीही घरातच. मुलगी तेजल सावळी. सावळी म्हणजे लग्नाच्या जाहिरातीत जिला ‘निमगोरी’ लिहितात आणि भांडण झालं की ‘काळी’ म्हणतात, तेवढी. चार वर्षांपूर्वी तिच्या बायोडेटासाठी नंदूने जीव ओतून फोटो काढला आणि जीव ओतून उजळ केला. तो पाहून बोरिवलीची मंडळी खूश होऊन घरी आली. तेजल सरबताचे पेले घेऊन बाहेर आली, तेव्हा मुलाची आई तिच्याकडे कौतुकाने बघत म्हणाली, "ही मोठी बहीण का? छान. बोलवा आता मुलीला."

तेजल एकुलती एक होती.

त्या दिवसापासून ती बापाशी बोलत होती, त्याच्याबरोबर जेवत होती, बीपीची गोळीही आठवणीने हातावर ठेवत होती. फक्त त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसली नाही. घाटकोपर पूर्वेच्या एका शाळेत ती कॉन्ट्रॅक्टवर ड्रॉइंग टीचर म्हणून लागली, तेव्हा ओळखपत्राचा फोटो विक्रोळीला जाऊन काढून आली. फोटोग्राफरची मुलगी फोटो काढायला विक्रोळीला गेली, हे भटवाडीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं. काही जण नंदूला तिथला रेटही विचारून गेले.

म्हणून गेल्या जानेवारीत तेजल स्वतःहून स्टुडिओत आली आणि स्टुलावर बसली, तेव्हा नंदूने आधी हातातला कॅमेरा खाली ठेवला. उगाच गैरसमज नको.

"पप्पा, शाळेचं काम आहे. कराल?"

काम असं होतं. कुठली तरी बाहेरदेशची संस्था शाळेला कॉम्प्युटर देणार होती. देण्याआधी त्यांचे पाहुणे येऊन बघणार होते, की इथली मुलं आपल्या संस्कृतीत आणि आपल्या कातडीत आनंदी आहेत की नाहीत. तर प्रवेशद्वाराच्या भिंतीवर बारा मुलांचे मोठे फोटो लावायचे. ‘आपली मुलं, आपले रंग.’ कल्पना तेजलची. मुलं जशी आहेत तशी, पुसून-घासून नाही, असं तिने अर्जात लिहिलं होतं आणि चुकून ते मंजूर झालं होतं.

"एकच अट आहे," ती म्हणाली. "काढल्यावर चेहऱ्याला हात लावायचा नाही. एका पोराच्याही नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं? काम कमीच की."

"पप्पा, मी मस्करी करत नाहीये. मी शाळेत सांगितलंय, माझे पप्पा करतील. या वेळी नाही जमलं ना, तर मी पुन्हा विचारणार नाही."

"हात लावणार नाही," नंदू म्हणाला. "तुझ्या आईची शपथ."

"आईला कशाला मध्ये घेताय? ती जेवण करतेय."

दोन दिवसांनी तो भिंतीचं माप घ्यायला शाळेत गेला, तेव्हा चौथी ‘ब’मध्ये मुलांची निवड चालू होती. निवड शाळेचे विश्वस्त श्यामसुंदरशेठ करत होते. शेठचं रंगांचं दुकान होतं. भिंतीचे, दारांचे, लोखंडाचे. दुकानातून येताना ते पंख्यासारखं उघडणारं शेड कार्ड घेऊन आले होते आणि एकेका मुलाच्या मनगटाला लावून बघत होते.

"हा बदाम... ही मध... हलू नको रे... हा दालचिनी. तेजल मॅडम, दालचिनी दोन झाले, एक कॅन्सल करा. बारा फोटो म्हणजे बारा शेड पाहिजेत. पाहुण्यांना व्हरायटी दिसायला हवी."

"शेठ, ही मुलं आहेत, भिंत नाही," तेजल म्हणाली.

"म्हणून तर हळू लावतोय."

मुलांना मजा वाटत होती. मिथुन नावाचा एक गोरा पोरगा उड्या मारत म्हणाला, "सर, मी कुठला? मी कुठला?"

शेठने कार्ड लावलं, दोनदा उलटसुलट केलं. "तू प्रायमर. रंगाआधीचा पांढरा हात."

रंग ठरल्यावर संस्कृती ठरवायला वेळ लागला नाही. गॅदरिंगचे ड्रेस भाड्याने देणाऱ्याकडून बारा गाठोडी आली. श्रुतिका वर्सोव्याच्या खऱ्या कोळणीची नात, पण उजळ. म्हणून ती काश्मिरी झाली. कोळ्याचा रुमाल आणि होडीचं वल्हं मिळालं सौरभला. त्याच्या घरी कांदासुद्धा चालत नसे. सगळ्यांत सावळी होती मानखुर्दहून येणारी संघमित्रा. तिच्या वाट्याला उरलेलं गाठोडं आलं. त्यात प्लॅस्टिकच्या पानांचा घागरा होता आणि डोक्याला बांधायची कोंबड्याची दोन पिसं.

फोटोच्या दिवशी सकाळी बारा मुलं स्टुडिओत आली, ती एकाच रंगाची. सगळ्या आयांनी निघताना पावडर लावली होती, आणि जिच्या हाताला जरा कमी वाटली तिने आरशाखालच्या डब्यातली वर चढवली होती. शेठच्या बारा शेड एका रात्रीत नाहीशा झाल्या होत्या. नंदूने बादली भरली, साबण काढला आणि दारातच एकेकाचं तोंड धुवायला घेतलं.

"अहो काका, फोटोच्या आधी कोणी तोंड धुतं का?" मिथुनची आई ओरडली.

"बाकी सगळीकडे आधीच धुतात, वहिनी."

"मग पावडर कशाला ठेवलीय तुम्ही?"

नंदूने डब्याचं झाकण घट्ट लावलं. त्याने डबा उचलून कपाटात टाकला.

संघमित्राची आई शीतल त्या गर्दीत शेवटी आली. ती एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. खांद्याला नमुन्यांची निळी पेटी होती. पोरीचं तोंड कोरडं होतं, धुवावंही लागलं नाही. शीतलने पानांचा घागरा दोन बोटांत धरून वर उचलला.

"हे काय आहे, दादा?"

"आदिवासी. ड्रेसवाल्याने दिलंय."

"आम्ही आदिवासी नाही."

"मला माहीत आहे, ताई. पण तो—"

"आणि माझ्या लॅबमध्ये एक आदिवासी मुलगी आहे. आरे कॉलनीतल्या पाड्यावरची. ती जीन्स घालून येते. तिला विचारू का उद्या, पानं कुठं ठेवून आलीस म्हणून?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर देखरेखीला बसलेले शेठ म्हणाले, "अहो बाई, नुसता फोटोपुरता आहे. कल्चर दिसलं पाहिजे ना."

"कल्चर आणलंय मी." शीतलने पिशवीतून कडक इस्त्रीचा पांढरा फ्रॉक काढला आणि निळी रिबन. "चौदा एप्रिलला घालते ती. आमचा सण, आमचे कपडे."

"हा साधा फ्रॉक झाला."

"साधा कसा? शिवून घेतलाय."

शेठने तेजलकडे बघितलं. तेजल छताकडे बघत होती. फ्रॉक ठरला.

अकरा मुलांचे फोटो दीड तासात उरकले. संघमित्राला एकटीला चाळीस मिनिटं लागली, आणि दोष तिचा नव्हता. नंदूचे दोन दिवे ज्या जागी होते त्या जागी अठ्ठावीस वर्षं होते. बाकी सगळं नंतर कॉम्प्युटरवर बघून घ्यायची सवय. आज नंतर काही नव्हतं. त्याने एक दिवा बंद केला, दुसरा खिडकीकडे सरकवला, त्यावर बायकोची, म्हणजे प्रेमाची, जुनी ओढणी टाकली. चार वेळा काढला, चार वेळा पुसला. घाम निघाला. सावळ्या चेहऱ्यावर उजेड कसा ठेवायचा हे आपल्याला कधीच येत नव्हतं, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर, शेठसमोर कळत होतं.

"दात दाखवू?" संघमित्राने विचारलं.

"नको."

"मग काय करू?"

"काहीच नको करू."

"किती वेळ?"

तेवढ्यात त्याने बटण दाबलं. स्क्रीनवर बघितलं आणि कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला, भरलेला पेला ठेवावा तसा. गालाच्या हाडावर उजेडाची बारीक रेघ होती, डोळ्यांत ‘किती वेळ?’ तसंच होतं आणि कातडीचा रंग त्या पोरीच्या कातडीचा होता. तेजल मागून वाकून बघत होती. तिने जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्यावर नंदू दोन दिवस शीळ घालत फिरला.

तिसऱ्या दिवशी आया सुरू झाल्या.

फोटो मोबाइलवर पाठवायचे नाहीत, असं तेजलने बजावलं होतं, त्यामुळे ज्याला बघायचे त्याने स्टुडिओत यायचं. त्या एकेकट्या यायच्या, बाहेर कोणी नाही ना बघून. श्रुतिकाची आई आली, काश्मिरी पोरीकडे बघून म्हणाली, "काका, थोडं." आणि अंगठा-तर्जनीत चिमूटभर हवा धरून दाखवली.

"थोडं म्हणजे?"

"म्हणजे कळणार नाही असं. पण दिसलं पाहिजे."

सौरभची आई बिनकांद्याच्या कांदापोह्यांचा डबा घेऊन आली. मिथुनची आई रडली. तिचा मुलगा शेड कार्डात बसत नव्हता इतका गोरा, तरी शेजारच्या फोटोतला त्याच्याहून गोरा दिसतोय, अशी तिला शंका होती. "माझ्या लग्नात तुम्हीच फोटो काढले ना? तेव्हा मला केलं होतंत ना? मग माझ्या मिथूने काय पाप केलंय?"

नंदू सगळ्यांना एकच सांगे, "शाळेची ऑर्डर आहे." घरी प्रेमासुद्धा भाकरी थापता थापता म्हणाली, "करून टाका ओ. पोरांच्या आया त्या. आणि गोरं केलं म्हणून कोणी कधी भांडायला आलंय का?"

तेजल ताटावरून उठून गेली. प्रेमाने जीभ चावली.

फक्त शीतल आली नाही. ‘फोटो बघायला या’ म्हणून नंदूनेच फोन केला, तर म्हणाली, "बघायचं काय त्यात? रोज बघते मी तिला."

मग एके दुपारी श्यामसुंदरशेठ आले. बाराही फोटो त्यांनी दोनदा पाहिले, चष्मा काढून एकदा पाहिले आणि सुस्कारा सोडला. "नंदू, सगळी एकसारखीच दिसतात रे."

त्यात खोटं नव्हतं. एकदा तोंडं धुतल्यावर घाटकोपर-मानखुर्दची मुलं म्हणजे कमी-जास्त दुधाचा चहा. डोळा लावून बघावं तेव्हा फरक कळे.

"असं कर. श्रुतिका आणि मिथुनला आणखी उजळ कर. आणि त्या मानखुर्दवाल्या मुलीला चांगली गडद कर. मधल्यांना मध्ये ठेव. कसा एकदम उतरता क्रम दिसला पाहिजे."

"गडद?" नंदूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. अठ्ठावीस वर्षांत हा शब्द या खोलीत कोणी उच्चारला नव्हता.

"हां मग. नुसतं गोरं करता येतं काय तुला?"

"शेठ, खरं सांगायचं तर हो. गाडी एकाच दिशेने चालवली. रिव्हर्स येत नाही."

"दुसरा बघू काय मग?"

"बघा. मूळ फोटो माझ्याकडे आहेत."

शेठ कुरकुरत उठले. पाहुणे सोमवारी येणार होते, दुसरा बघायला वेळ नव्हता. "जसे आहेत तसे दे. पण मग पाहुण्यांना तूच समजाव," असं म्हणत ते चढ उतरून गेले. नंदूने लगेच तेजलला फोन लावला. "शेठ येऊन गेले. नाही म्हटलं मी."

"खरंच?" मग जरा थांबून, "थँक्यू, पप्पा."

चार वर्षांत पहिल्यांदा. नंदूने फोन ठेवला आणि आरशात बघून स्वतःचे केस विंचरले.

शनिवारी सकाळी फोटो लॅबला पाठवायचे होते. तत्पूर्वी बाराही फोटो मोठ्या फ्रेमच्या मापात बसवायचे, एवढंच उरलं होतं. शाळांच्या कामासाठी नंदूने कॉम्प्युटरवर फार पूर्वी एक तयार कृती करून ठेवली होती. तिचं नाव ‘स्कूल’. फोल्डर दाखवायचा, एक बटण दाबायचं, की ती एकामागून एक सगळे फोटो कापून, नीट करून, जिथल्या तिथे सेव्ह करायची. आईने वर्षाचा मसाला कुटून बरणीत भरावा आणि त्यात काय काय घातलं हे शिमग्यापर्यंत विसरून जावं, तसं त्याचं त्या कृतीबद्दल झालं होतं. त्याने बटण दाबलं आणि तो खाली चहाला गेला.

परत आला तर स्क्रीनवरून बारा गोरी मुलं त्याच्याकडे बघत होती.

‘स्कूल’ची पहिलीच पायरी ‘उजळ’ होती. शेवटची पायरी ‘त्याच फाइलवर सेव्ह’. एका फोटोच्या दोन-दोन प्रती ठेवून जागा कशाला अडवायची, हा नंदूचा नियम. कॅमेऱ्यातलं कार्ड त्याने गुरुवारी मुलुंडच्या एका मुंजीसाठी पुसून वापरलं होतं. तो धावत पुसलेले फोटो परत काढून देणाऱ्या माणसाकडे गेला. त्याने कार्ड लावलं आणि मान हलवली. "वर नऊशे फोटोंची मुंज बसलीय, काका. खालचं काय राहणार?"

"आवशीक खाव," नंदूच्या तोंडून गावाकडची शिवी निघाली. कोणाला ते त्यालाही माहीत नव्हतं.

स्टुडिओत येऊन तो बसून राहिला. खरं म्हणजे कोणाचंच काही बिघडलं नव्हतं. आया खूश होणार होत्या. शेठही कुरकुर करून गप्प बसले असते. प्रेमाने तर आधीच सांगितलं होतं. सगळ्या दुनियेशी भांडून झाल्यावर त्याने चहा पिता पिता स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या मनासारखं करून ठेवलं होतं. एकच माणूस सोडून. आणि त्या माणसाला सोमवारी भिंतीवर कळण्यापेक्षा आज इथे कळलेलं बरं. त्याने फोन लावला.

तेजल आली. बारा चेहरे एकेक करून बघत शेवटच्यावर थांबली. पांढऱ्या फ्रॉकमध्ये साखरेची बाहुली बसली होती. गालावरची उजेडाची रेघ पुसली गेली होती, कारण आता सगळाच उजेड होता.

"मुद्दाम नाही केलंत ना?"

"नाही गं. शपथ. हाताने आपोआप..."

"मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते." ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "माझा तो बायोडेटाचा फोटो. त्याचा मूळचा आहे तुमच्याकडे?"

नंदूने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे या कॉम्प्युटरात इतकी माणसं आहेत, आणि त्यातलं खरं कोणीच नाही."

हे नंदूने कधी असं मोजलं नव्हतं.

"उद्या रविवार आहे," तेजल उठत म्हणाली. "पुन्हा काढा. मी बोलावते सगळ्यांना. ड्रेस परत गेलेत, घरच्या कपड्यांत येऊ देत."

तिने पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: फोटो खराब झाल्यामुळे उद्या सकाळी नऊला पुन्हा. दहा मिनिटांत मिथुनची आई खराबी बघायला स्टुडिओत हजर. स्क्रीनकडे बघून तिने दोन्ही हात छातीशी धरले. "अय्या, काका! हे खराब?" नंदू ‘अहो, अहो’ करेपर्यंत तिने मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मग हृदयं आली, हात जोडलेले आले, नाचणाऱ्या बायका आल्या. ‘काकांनी शेवटी ऐकलं.’ ‘देव माणूस.’ ‘आता कोणी बदलायचे नाहीत हं, प्लीज.’ शेठनेही अंगठा टाकला आणि रात्र व्हायच्या आत तेच बारा फोटो लॅबला पाठवायला लावले. तेजलने ग्रुपवर तीन वेळा समजावून सांगितलं. तिच्या प्रत्येक मेसेजला नमस्कार आले.

रविवारी नऊला कोणी आलं नाही. साडेनऊला शीतल आणि संघमित्रा आल्या.

"पुन्हा का?" संघमित्राने विचारलं.

"पहिला खराब झाला."

"माझ्यामुळे?"

"नाही, बाळा. माझ्यामुळे."

शीतलने स्क्रीनवरची साखरेची बाहुली बघितली आणि पटकन नजर वळवली. "मी रोज तीस-चाळीस जणांचं रक्त काढते, दादा. गोऱ्या माणसाची शीर दिसते. आमच्यांची बोटाला लागते. शोधायचे कष्ट घेतले की सापडते." मग लेकीची रिबन सारखी करत म्हणाली, "घ्या. मला साडेदहाला चेंबूरला जायचंय."

या वेळी नंदूला वीस मिनिटं लागली. त्याने तो फोटो तीन ठिकाणी साठवला आणि स्वतः लॅबमध्ये उभा राहून छापून घेतला.

सोमवारी सकाळी नऊला भिंतीवर बारा फ्रेमा लागल्या. अकरा गोऱ्या आणि एक संघमित्रा. शेठ आले, बघून जागीच थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! याला म्हणतात कॉन्ट्रास्ट! मी काय सांगत होतो? ए, तिची फ्रेम मधून काढ आणि अगदी शेवटी लाव. लांबून दिसली पाहिजे." शिपायाने लावलीही.

चौथी ‘ब’ रांगेने बघायला आली. मिथुन स्वतःच्या फ्रेमखाली थोडा वेळ उभा राहिला आणि मग शेवटच्या फ्रेमकडे बोट दाखवून म्हणाला, "मिस, हिच्याच वेळी लाइट गेली होती काय?"

रांग हसली. संघमित्रा हसली नाही. ती मिथुनजवळ गेली, त्याचा हात धरून स्वतःच्या हाताशेजारी ठेवला आणि बारकाईने बघितलं. "तू जरासाच गोरा आहेस," ती म्हणाली. मग त्याच्या फ्रेमकडे बघून, "हा कोण आहे?"

मिथुनने मान वर करून फ्रेमकडे परत बघितलं.

तेजल नंदूजवळ आली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पप्पा, तिचा काढा. आपण तिला एकटीला टांगून ठेवलंय."

नंदूने तेच मनात म्हटलं होतं. खरा फोटो लावला तर हे असं. खोटा लावला असता तर शब्द मोडला असता. अठ्ठावीस वर्षांत धंदा इतका अवघड कधीच नव्हता. त्याने शिडी ओढली आणि शेवटच्या फ्रेमखाली लावली.

"तो का काढताय?" मागून आवाज आला. शीतल पेटी खांद्याला लावून कामावर जाता जाता बघायला आली होती. तिने भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचली. "चुकीचे कुठले आहेत, दादा? हा एक, की ते अकरा?"

"ते अकरा," नंदू म्हणाला.

"मग ते काढा."

नंदूने घड्याळात बघितलं. पाहुणे अकराला येणार होते. त्याने शिडी उचलली आणि पहिल्या टोकाला नेऊन लावली.

"नंदू! ए नंदू, काय करतोस?" शेठ धावत आले.

"माल खराब निघाला, शेठ. परत नेतोय."

"अरे, भिंत रिकामी दिसेल! पाहुण्यांना काय दाखवू? तेजल मॅडम, सांगा त्यांना. तुमचं कॉन्ट्रॅक्ट कोणाच्या हातात आहे, विसरलात काय?"

"एप्रिलपर्यंत आहे, सर," तेजल म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी शिडी धरली. "पप्पा, डावीकडचा स्क्रू आधी. फ्रेम जड आहे."

श्रुतिका उतरली. सौरभ उतरला, वल्ह्यासकट. फाटकाशी नटून आलेल्या आयांना काय चाललंय ते कळलं आणि तिथून आरडाओरडा सुरू झाला. शिपाई कोणाचं ऐकावं या विचारात फाटक अर्धं उघडून अर्धं लावत होता. मिथुनच्या फ्रेमचा स्क्रू फिरेना. नंदूचे हात घामाने निसटत होते. तेजलने खालून पक्कड दिली, शीतलने पेटीतला कापूस. फ्रेम सुटली तेव्हा साडेदहा वाजले होते आणि शेठ फोनवर कोणाला तरी सांगत होते की पाहुण्यांना आधी प्रयोगशाळा दाखवा.

अजून आठ बाकी होत्या.